हाडांपासून चुलीपर्यंत

१७ ऑगस्ट १९३९ रोजी येरवड्याच्या डेक्कन कॉलेजचे दरवाजे पुन्हा उघडले. सरकारने १९३४ साली हे कॉलेज बंद केले होते. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, चिकाटीने भांडले, आणि कॉलेज परत मिळाले ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. विषय मोजके, माणसेही मोजकीच. भाषाशास्त्राला कत्रे, मराठ्यांच्या इतिहासाला त्र्यं. शं. शेजवलकर, प्राचीन भारताच्या इतिहासाला हसमुख धीरजलाल सांकलिया आणि समाजशास्त्राला इरावती कर्वे. पुरातत्त्व आणि मानवशास्त्र यांनी एकत्र यावे, असा विचार करून कोणी ही मांडणी केलेली नव्हती. संस्था लहान, जागा एक, पैसा बेताचा. त्यामुळे दोन्ही शास्त्रांची माणसे एकमेकांच्या वाटेत येत राहिली, इतकेच. माझ्या मते भारतात या दोन शास्त्रांचे जे काही नाते जमले, त्यात सिद्धान्तापेक्षा या शेजाराचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेत हा प्रश्नच नव्हता. तिथे जमिनीखाली सापडणारी भांडी ज्यांची, त्यांचे वंशज शेजारच्या राखीव प्रदेशात जिवंत होते. म्हणून उत्खनन करणारा आणि आदिवासींची भाषा-चालीरीती टिपणारा हे दोघे विद्यापीठाच्या एकाच विभागात बसत. इंग्लंडात पुरातत्त्वाची सोयरीक इतिहासाशी आणि अभिजात भाषांशी. आपल्याकडे इंग्रजी घडी आली, आणि तीही राज्यकर्त्यांच्या सोयीने दुभंगून आली. १८६१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम पुरातत्त्व सर्वेक्षक झाले. त्यांचे लक्ष स्तूप, नाणी, शिलालेख आणि चिनी यात्रेकरूंनी वर्णिलेल्या नगरांवर. माणसे मोजण्याचे खाते वेगळे. ते जनगणनेकडे गेले, आणि हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी-लांबी मोजून जातींची उतरंड लावायला घेतली. म्हणजे मेलेल्यांच्या वस्तू एका खात्यात, जिवंतांची नाके दुसऱ्या खात्यात.

सांकलिया पहिल्या परंपरेतून आले. जन्म १९०८चा, मुंबईचा. लंडनला पीएच.डी. करताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननात त्यांनी थर वाचायचे शिक्षण घेतले. प्रबंध गुजरातच्या पुरातत्त्वावर, म्हणजे देवळे, मूर्ती, ताम्रपट. अश्मयुगाकडे ते वळले ते पुण्याला आल्यावर. गुजरातेत साबरमतीच्या खोऱ्यात रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८९३ साली दगडी हत्यारे मिळाली होती. पुढे त्या भागाकडे फारसे कोणी फिरकले नव्हते. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक का. ना. दीक्षित यांच्या प्रोत्साहनाने सांकलियांनी १९४१ साली तिकडे पहिली मोहीम नेली.

इरावतीबाईंची वाट याहून वाकडी आणि अधिक नाट्यमय. जन्म ब्रह्मदेशात, १९०५चा, शिक्षण पुण्यात, मुंबईला गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावनांवर प्रबंध. सून महर्षी कर्व्यांची. तिने आणखी शिकायला जर्मनीला जावे हे खुद्द महर्षींना पसंत नव्हते. बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचा हा विरोध आज वाचताना गंमत वाटते. पण घरातली गोष्ट आणि संस्थेतली गोष्ट यांत आपल्याकडे तेव्हाही अंतर असे. पती दिनकर स्वतः लाइपझिगला शिकून आलेले. त्यांनी पाठ राखली आणि १९२८ साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

तिथे त्या ज्या संस्थेत शिरल्या, तिचे नाव कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन संस्था. संचालक ऑयगेन फिशर. जर्मनांच्या नैऋत्य आफ्रिकेतल्या वसाहतीत गोरे आणि स्थानिक यांच्या संकरित संततीचा अभ्यास करून हा गृहस्थ नावारूपाला आला होता, आणि पुढे नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या असमतोलाचा: माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू सारखी नसते, तर या फरकाचा वंशाशी काही संबंध आहे का? युरोपीय कवट्यांत उजवीकडचा पुढचा भाग अधिक वाढलेला असावा आणि त्यांच्या बुद्धीचे गमक तिथे असावे, असा फिशरचा कयास होता. इरावतीबाईंनी संग्रहातल्या कवट्या मोजल्या आणि लिहिले की असमतोल सगळ्यांतच आहे, वंशाशी त्याचे नाते दिसत नाही. विशीतली परदेशी विद्यार्थिनी, तीही गुलाम देशातली, आणि समोर परीक्षक तोच. हे धाडस आपण पुरेसे आठवत नाही. ‘युगान्त’च्या लेखिकेला मराठी वाचक ओळखतो, या मोजमापांच्या इरावतीबाईंना फारसा ओळखत नाही.

तरीही मोजमापाची सवय त्या सोबत घेऊनच परतल्या. निष्कर्ष फिशरविरुद्ध गेला, पण हत्यार फिशरच्याच कारखान्यातले होते. हे लक्षात ठेवले तर लांघणजला जे घडले त्याचा उलगडा होतो.

लांघणज हे मेहसाणा जिल्ह्यातले गाव. बाहेर वाळूचे जुने उंचवटे, त्यांच्या पोटात पाणी साठवणारे सखल तलाव. त्या उंचवट्यांपैकी ‘अंधारियो टिंबो’ नावाच्या टेकाडावर सांकलियांच्या पथकाला नखाएवढी दगडी पाती विपुल मिळाली. ही सूक्ष्मास्त्रे भारतात अनेक ठिकाणी मिळतात. पण ती घडवणारा माणूस कोण, तो कसा दिसे, हे सांगायला हाडे हवीत. १९४४ साली इरावतीबाई मोहिमेत आल्या त्या या शोधासाठी. आणि वाळूने निराश केले नाही. गुडघे पोटाशी घेऊन, अंग मुडपून पुरलेली माणसे तिथे सापडत गेली. सोबत हरीण, नीलगाय, रानडुक्कर यांची हाडे, आणि गेंड्याच्या खांद्याचे एक हाड. त्यावर खळगे होते. गेंड्याचे हाड ऐरण म्हणून वापरून त्यावर पाती घडवली गेली असावीत, असा त्याचा अर्थ पुढे लावला गेला. आज मेहसाण्याच्या उन्हात उभे राहून गेंडा डोळ्यांसमोर आणणे कठीण जाते; त्या काळी तिथे पाणथळ आणि गवताळ जागा होत्या, याची ही साक्षच.

हाडे मुंबईचे शरीररचनातज्ज्ञ कुरूळकर आणि इरावतीबाई यांनी तपासली. १९४९ साली सांकलिया आणि कर्वे या दोघांच्या नावाने ‘अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात लेख आला. पुण्याच्या पुरातत्त्वज्ञाने आणि मानवशास्त्रज्ञ बाईने एकत्र सही केलेला लेख, तोही अमेरिकी मानवशास्त्राच्या मुख्य नियतकालिकात. घटना म्हणून ती अभिमानाची आहे. मजकूर मात्र आज अवघड वाटतो. सांगाड्यांची ठेवण ईशान्य आफ्रिकेतल्या लोकांशी जुळती आहे, असा कल त्यात होता. मूठभर तुटक्या कवट्यांवरून एक आख्खा वंश ओळखायचा आणि तो समुद्रापलीकडच्या वंशाशी जोडायचा, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. बर्लिनमध्ये वंशाच्या दाव्याला छेद देणाऱ्या इरावतीबाई इथे त्याच चौकटीत बोलत होत्या.

पुढचा अंक आणखी विचित्र. लांघणजचे उत्खनन १९६३ पर्यंत अधूनमधून चालले आणि १९६५ साली अहवाल तीन भागांत निघाला. पुरातत्त्व सांकलियांचे, प्राण्यांची हाडे लंडनच्या ज्युलिएट क्लटन-ब्रॉक यांच्याकडे, आणि मानवी अवशेषांचा भाग झोफी एर्हार्ट व केनेथ केनेडी यांनी लिहिलेला. केनेडी तरुण अमेरिकी. वंशाचे साचे बाजूला ठेवून हाडांतून जगणे वाचावे, या मताचे. एर्हार्टबाई ट्युबिंगेनच्या. नाझी काळात रॉबर्ट रिटर याच्या वंश-आरोग्य कार्यालयात सिंती आणि रोमा लोकांची मोजमापे घेण्याचे काम त्यांनी केले होते. त्या मोजमापांच्या आधारे माणसे छावण्यांत गेली. युद्ध संपल्यावरही त्या विद्यापीठात राहिल्या, त्यांच्याकडची कागदपत्रेही राहिली; १९८१ साली सिंती कार्यकर्त्यांनी ट्युबिंगेनला विद्यापीठाच्या दफ्तरखान्यात ठाण मांडले तेव्हा कुठे ती जर्मन राष्ट्रीय अभिलेखागारात गेली. पुण्यात एर्हार्टबाईंच्या भूतकाळाचा कोणी विचार केला असेल असे वाटत नाही. हाडे मोजणारी शाळाच लहान होती, आणि तिच्या भिंतीआड काय चालले ते बाहेरच्यांना दिसत नव्हते.

मग त्या सांगाड्यांचे मोल काय उरले? भरपूर. १९७९ साली केनेडी आणि ग्रेगरी पोसेल यांनी ‘करंट अँथ्रॉपॉलॉजी’त वेगळाच प्रश्न मांडला. लांघणजला शिकाऱ्यांच्या थरांत तांब्याची वस्तू आणि शिंपल्याचे मणी आले कुठून? सिंधू संस्कृतीचे लोथल तर तिथून फार दूर नाही. आजचे रानातले लोक मध, डिंक, लाकूड देऊन गावाकडून धान्य आणि धातू घेतात, तसाच व्यवहार तेव्हाही असावा. ‘हे कोणत्या वंशाचे’ हा प्रश्न मागे पडून ‘हे कोणाशी देवघेव करत’ हा पुढे आला. याच हाडांकडे, याच मण्यांकडे पाहायची दृष्टी बदलली आणि मानवशास्त्राची खरी मदत तिथे झाली.

पण मी काळाच्या पुढे गेलो. १९५० नंतर सांकलियांचे लक्ष महाराष्ट्र-माळव्याच्या ताम्रपाषाणयुगी गावांकडे वळले: जोर्वे, नाशिक, नर्मदेकाठचे महेश्वर-नावडातोली, प्रवरेकाठचे नेवासे. ज्ञानेश्वरीमुळे पवित्र झालेल्या नेवाशात ज्ञानेश्वरांच्याही अडीच हजार वर्षे आधीची, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लहान मुले निघाली. एकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ, आणि मण्यांच्या भोकांत धाग्याचा अंश शिल्लक. अशा जागी वंशाचा प्रश्न तोकडा पडतो. मूल घरातल्या जमिनीखाली का पुरले? मडकी दोन का? हे विचारायचे तर आज जगणाऱ्या माणसांकडे जावे लागते.

इरावतीबाई तोवर आपल्या वाटेने बऱ्याच पुढे गेल्या होत्या. वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या मोजमापांचे पुस्तक १९५१ साली आले, नातेसंबंधांवरचा ग्रंथ १९५३ साली. पुढे कोयना धरणग्रस्तांची पाहणीही केली. पुणे विद्यापीठात मानवशास्त्र विभाग उभा केला. सांकलियांबरोबर लांघणजच्या तोडीचे काम मात्र पुन्हा झाले नाही. याचा दोष कोणाला द्यावा असे मला वाटत नाही. दोघांचीही झेप मोठी होती. एकदा महाकाव्यांच्या अंगणात मात्र दोघे आपापल्या बाजूंनी आले: बाईंनी महाभारतातल्या माणसांना नात्यांच्या गुंत्यात ठेवून पाहिले, सांकलियांनी १९७३ च्या पुस्तकात रामायणाची लंका मध्य भारतात असल्याचे म्हटले. ‘युगान्त’ला साहित्य अकादमी मिळाली. सांकलियांना टीकाच जास्त मिळाली.

दोन्ही विभागांच्या बाहेर राहून दोन्ही शास्त्रे एका काठीने हाकणारा एक माणूस याच पुण्यात होता, दामोदर धर्मानंद कोसंबी. मूळचे गोव्याचे, पेशाने गणिती. पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर चालत सुटायचे, म्हसोबा-बोलाईची ठाणी पाहायची, धनगरांशी बोलायचे आणि पायाखालची सूक्ष्मास्त्रे उचलायची. जुन्या मेंढपाळ वाटा आणि आजची देवीची ठाणी यांत त्यांना सांधा दिसला. त्यांची अनुमाने काही ठिकाणी घाईची आहेत आणि दुसऱ्यांची चूक दाखवताना त्यांची भाषाही फार तिखट होते. तरी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ वाचल्यावर महाराष्ट्रातला माळ पूर्वीसारखा दिसत नाही, हे खरे.

विद्यापीठीय चौकटीत हा सांधा जोडला तो मालती नागर यांनी. राजस्थानात उदयपूरजवळच्या अहाड येथे सांकलिया, देव आणि अन्सारी यांनी १९६१-६२ साली खोदकाम केले. दगडमातीची घरे, पाटे, रांगेतल्या चुली. नागरबाईंनी प्रबंधासाठी ती सामग्री हाती घेतली आणि मेवाडच्या खेड्यांत, भिल्लांच्या वस्त्यांत जाऊन बसल्या. भिंत कशी रचतात, सारवण किती दिवसांनी, धान्य कशात, चूल कोणत्या कोपऱ्यात, मडके फुटले की त्याचे काय होते. प्रबंध १९६६ साली पूर्ण झाला. लुई बिनफर्ड यांनी पुरातत्त्व म्हणजेच मानवशास्त्र, असा पुकारा १९६२ साली अमेरिकेत केला होता. पण त्यांची अलास्कातली नुनामियुट शिकाऱ्यांसोबतची प्रसिद्ध पाहणी नागरबाईंच्या प्रबंधानंतरची आहे. मानवशास्त्राशी जोडलेले हे नवे पुरातत्त्व बाहेरून आले आणि मग आपण ते गिरवले, हा समज म्हणूनच अर्धवट आहे. चुलीचा प्रश्न आपल्याकडे चुलीपाशीच सुचला होता. चूल कशी पेटते हे ठाऊक असलेल्या बाईला तो सुचावा, यात नवल नाही. नवल याचे की त्याआधीच्या पुरुष उत्खनकांना चूल दिसूनही तिच्याबद्दल विचारावेसे वाटले नव्हते.

या साऱ्याची कसोटी लागली इनामगावला. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी पांढरीचे टेकाड आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत म. के. ढवळीकर, सांकलिया आणि झै. दा. अन्सारी यांनी ते उकलले. १३४ घरे उघडी पडली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत एका मराठी मुलखातल्या गावाने काय खाल्ले, कुठे झोपले, कोणाला कसे पुरले, याची इतकी सविस्तर हकीकत भारतात क्वचितच कुठे मिळते. जव हे मुख्य पीक, नदीचे पाणी वळवणारा पाट, कणग्या उभ्या करायचे गोल ओटे, गावाच्या मध्याशी पाच खोल्यांचे घर. एका घराच्या जमिनीत मातीच्या डबीत झाकून ठेवलेली, डोके नसलेली देवीची मूर्ती आणि एक बैल.

प्रौढांचे दफन पाहून उत्खनक थबकले. उताणी, उत्तरेला डोके करून ठेवलेली माणसे, आणि घोट्याखाली पावले तोडलेली. कारण काय? मेलेला उठून चालू लागू नये, ही भीती सुचवली गेली. आपल्या भुतांची पावले उलटी असतात हे लहानपणी ऐकलेल्या कोणालाही हे स्पष्टीकरण लगेच पटते. नेमकी तिथेच सावध व्हायला हवे. पटणे हा पुरावा नव्हे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनातली भीती आजच्या गोष्टीवरून वाचता येतेच असे नाही. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष मिळाला. त्याची पावले शाबूत होती. म्हणजे नियम सगळ्यांना नव्हता, आणि अपवाद कोणाला मिळत होता यातून मानाचा काही अंदाज येतो.

या मोठ्या घरावरून, शेजारच्या धान्यकोठारावरून आणि पाटावरून ढवळीकरांनी गावात मुखिया होता, असे मांडले. मुखियासत्ताक समाज ही कल्पना अमेरिकी मानवशास्त्रातली. पॉलिनेशियाच्या बेटांवरच्या अभ्यासातून ती बरीचशी घडली. घोड नदीकाठच्या पाच खोल्यांना ती कितपत बसते, याबद्दल मला शंका आहे. मोठे घर म्हणजे मोठे कुटुंबही असू शकते. पण उसना शब्द घेतल्याने ढवळीकरांना कोठार, पाट आणि रांजण एका वाक्यात आणता आले, आणि वाद घालायला काही ठोस हाती आले. कल्पनेशिवाय अहवाल निघाला असता तर तो भांड्यांची यादी झाला असता.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान बिघडले. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आखडली, शिकार वाढली. हे फक्त घरांवरून ठरवलेले नाही. जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सु. रा. वाळिंबे यांनी दोनशेहून अधिक दफनांतली हाडे-दात तपासून १९८६ साली वेगळा खंड काढला. दातांच्या दुखण्यांतला बदलही आहार पालटल्याचेच सांगत होता. वाळिंबे शरीर-मानवशास्त्राचे आणि नोकरी पुरातत्त्व विभागात. १९३९ साली जे शेजारी होते ते इथवर एकाच खोलीत आले होते. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी याच संग्रहातल्या तान्ह्या मुलांची हाडे पुन्हा वाचली. २०११ च्या त्यांच्या पुस्तकात शेवटच्या काळातल्या मुलांची खुरटलेली वाढ दिसते. घरातल्या जमिनीखाली मडक्यात ठेवलेली ती मुले कोणत्या वंशाची, हे त्यांनी विचारले नाही. पोटभर मिळत होते का, हे विचारले.

एक धोका अजून टळलेला नाही. भिल्ल, पारधी, धनगर यांच्याकडे पाहून प्राचीन काळ समजून घ्यायचा, यात ते स्वतः प्राचीन काळात अडकून पडले आहेत असे नकळत गृहीत धरले जाते. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, जंगल कायद्यांनी ज्यांचे रान काढून घेतले, त्यांचे आजचे भटकणे हा ताजा इतिहास आहे. अश्मयुगाचा नमुना नव्हे. त्यांची झोपडी पाहून इनामगावची झोपडी कशी उभी राहिली असेल हे शिकता येते. त्यांच्या मनाचा तळ तीन हजार वर्षे जुना आहे, हे त्यावरून म्हणता येत नाही. चांगले अभ्यासक ही रेघ पाळतात, वर्तमानपत्रे पाळत नाहीत.

पुराव्यापलीकडे जाण्याची ही सवय २०१९ साली उघड झाली. डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पथकाने हरियाणात राखीगढीला स्मशान खोदले होते. साठेक नमुन्यांतून एकाच स्त्रीचा जनुकीय वारसा वाचता आला आणि त्यावरचा निबंध ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दुसऱ्या दिवसापासून देशभर एकच चर्चा: आर्य बाहेरचे की इथले? निबंधातले विधान मर्यादित होते. तिच्या वारशात मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश आढळला नाही, एवढे ते होते. त्यावरून ज्याला जे हवे ते त्याने काढले. राखीगढीपासून फार दूर नसलेल्या फरमाणा इथेही याच कॉलेजने २००६ नंतर खोदकाम केले होते. तिथल्या मडक्यांना आणि माणसांच्या दातांना चिकटलेले पिष्टाचे कण अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी आजच्या पद्धतीने शिजवलेल्या पदार्थांशी ताडून पाहिले. हळद आणि आले ओळखू आले. सव्वाचार हजार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी हाताला हळदीचा रंग लागत होता, हे त्यातून कळले. त्यावर टीव्हीवर वाद झाले नाहीत.